कुर्डुवाडीचे पाणी आणि भाचीची वही

कुर्डुवाडीला माणूस उतरतो तो बहुतेक वेळा दुसरी गाडी पकडण्यासाठी. मुंबई-सोलापूर मार्गावरचे हे जंक्शन. इथून एक फाटा पंढरपूरकडून मिरजेला जातो आणि दुसरा बार्शी, धाराशिव करत लातूरला. सोलापूर जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत कुर्डुवाडीच्या फलाटावर काढलेल्या एखाद्या रात्रीची गोष्ट असतेच. पण स्टेशनाबाहेर पडून गाव पाहिलेली माणसे कमी भेटतात. आमची थोरली आपा इथे दिली म्हणून आम्हाला हे गाव माहीत, नाही तर आम्हीही चहा पिऊन डब्यात चढणाऱ्यांतलेच.

गावाला मोठेपण दिले ते रेल्वेने. मोठी लाईन बार्शीला बाजूला ठेवून गेली, म्हणून या स्टेशनाला पूर्वी 'बार्शी रोड' म्हणत. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने इथून बार्शीपर्यंत २१ मैलांची, अडीच फूट रुंदीच्या रुळांची छोटी लाईन टाकली. ती १८९७ मध्ये सुरू झाली. पुढे ती १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत तिचे सगळे रूळ रुंद झाले. आमच्या दुल्हेभाईंचे वालिद त्या छोट्या गाडीच्या वर्कशॉपात फिटर होते. दुल्हेभाईंनी हातातला तो हुन्नर दुसरीकडे वळवला. त्यांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. बोअरमध्ये सोडलेल्या मोटारी जळतात, त्या ते भरून देतात. या भागात त्या कामाला मरण नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार दिवस आपाकडे राहिलो. निमित्ते दोन होती. आपाच्या मुलाला पहिले बाळ झाले होते, तीन महिन्यांचे, ते पाहायचे होते. दुसरे निमित्त आपाने फोनवर दबक्या आवाजात सांगितले. मुलीसाठी बार्शीहून स्थळ आले आहे, माणसे चांगली आहेत, पण त्यांना निकाह डिसेंबरातच हवा. मुलगी पुण्याला बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला, विषय पर्यावरणशास्त्र. "तू मास्तरीण आहेस, तूच येऊन समजाव," आपा म्हणाली. कोणाला समजवायचे, ते मात्र तिने सांगितले नाही.

पहिल्याच संध्याकाळी दुल्हेभाईंनी विषय काढला. "बेटी पढी तो हमकू खुशीच है. पर झाडां लगानेकू पूना जाना कायकू?"

हा समज त्यांच्या एकट्याचा नाही. आमच्या शाळेतल्या पालकांनाही पर्यावरण म्हटले की जूनमधले रोप, फोटो आणि घोषणा एवढेच आठवते. दोष पालकांना तरी का द्यावा? मुले तिसरीपासून परिसर अभ्यास शिकतात, नववी-दहावीत जलसुरक्षा हा विषय येतो, अकरावी-बारावीत पर्यावरण शिक्षण असते. पण प्रकल्पवहीत चिकटवायची चित्रे दुकानात तयार मिळतात, आणि नदीच्या प्रदूषणावरचा तोच निबंध पाच वर्षे पाच मुलांच्या अक्षरात आमच्यापुढे येतो. ज्या मुलाने तो लिहिला, त्याच्या घराशेजारून वाहणारा ओढा त्याने पाहिलेला नसतो.

पदवीच्या पातळीवर या विषयाच्या दोन वाटा आहेत आणि घराघरांत त्यांची गल्लत होते. पहिली वाट सगळ्यांसाठी सक्तीची. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण सर्व पातळ्यांवर द्यायला सांगितले. बराच काळ ते कागदावरच राहिले. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान उपटले, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लावला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. ते पेशाने शल्यविशारद. त्या अभ्यासक्रमात ५० तासिका होत्या, त्यांतल्या ५ प्रत्यक्ष बाहेर पडून पाहण्यासाठी, आणि १०० पैकी २५ गुण त्या पाहणीला. बीए करणाऱ्या मुलानेही गावातले तळे, उकिरडा किंवा टेकडी पाहून नोंद करावी, असा हेतू होता. हा पेपर म्हणजे 'कसाबसा पास व्हायचा विषय' अशी त्याची ख्याती झाली, ही गोष्ट वेगळी.

दुसरी वाट म्हणजे हाच मुख्य विषय घेऊन बीएस्सी करणे. ही सोय फार ठिकाणी नाही. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये हा विषय पदवीला आहे. आपल्या सोलापूर विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलात तो पदव्युत्तर पातळीवर शिकता येतो. या अभ्यासात झाडे लावणे जवळजवळ नसतेच. रसायनशास्त्र असते, खडक आणि माती असते, पाण्याचे आणि हवेचे नमुने तपासणे असते, आणि कायदा असतो: १९७४ चा पाण्याचा, १९८१ चा हवेचा आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. शेवटच्या वर्षी स्वतःचा एक प्रकल्प करायचा असतो. आमच्या भाचीने प्रकल्पासाठी स्वतःचे गावच घेतले होते. कुर्डुवाडीच्या एका मोहल्ल्यातले पाणी कुठून येते, कशाला लागते आणि कुठे जाते, हा तिचा विषय.

उर्दूत या शास्त्राला 'माहौलियात' म्हणतात. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो म्हणून ही गंमत आमच्या लक्षात येते. 'पर्यावरण' म्हणजे भोवतालचे आवरण, आणि 'माहौल' म्हणजे अरबीत 'मा हौल', जे भोवती आहे ते. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट सांगितली आहे, आणि दोन्हींत कुठे झाडाचे नाव नाही. दुल्हेभाईंना हे सांगितले तेव्हा ते हसले, पण "नोकरी?" एवढे विचारून जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने आम्हाला बाहेर काढले. हातात एक जाड वही, पिशवीत मोजपट्टी आणि रिकाम्या बाटल्या. आधी ती आम्हाला रुळांकडे घेऊन गेली, जिथून मिरजेची लाईन येते आणि लातूरची जाते. "खाला, जलदूत इथूनच गेली होती," ती म्हणाली.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर कोरडे पडले तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी सोडली होती. राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन आणलेल्या टाक्यांच्या वाघिणी, मिरजेत पाणी भरून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या वाटेने सुमारे ३४० किलोमीटर लातूरला. पहिली गाडी १० वाघिणींची, ती १२ एप्रिलला पोचली. पुढे ५० वाघिणींची गाडी आली, एका फेरीत २५ लाख लिटर. भाची तेव्हा शाळकरी पोर होती, आपाचा हात धरून गाडी बघायला आली होती. आपा अजून सांगते, गाडी गेली तेव्हा रुळांशेजारच्या बायका गप्प होत्या, कारण त्यांच्याही हातात रिकाम्या घागरी होत्या.

भाचीने वही उघडून आम्हाला गणित घातले. मास्तरणीला गणित घालणारी मुलगी आम्हाला आवडते. धरणाचे पाणी टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. २५ लाख लिटरची ती गाडी एक टीएमसी पाणी किती फेऱ्यांत नेईल? ११ हजारांहून जास्त. रोज एक फेरी धरली तर ३१ वर्षे. आणि उजनीत पाणी मावते ११७ टीएमसी. "म्हणजे गाडीने गावे जगवता येतात चार महिने," ती म्हणाली, "पण गाव जगायला जमिनीत पाणी लागते."

जमिनीतल्या पाण्याचे या भागात अवघडच आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही सप्टेंबरच्या परतीच्या सरींवर अवलंबून. म्हणूनच इथे शाळू पिकतो, रब्बीची ज्वारी. खाली सगळा काळा बेसॉल्ट खडक. वाळूत जसे पाणी मुरते तसे त्यात मुरत नाही. जिथे खडक कुजला आहे किंवा त्याला भेगा आहेत, तिथेच काय ते साठते. त्यामुळे एका घराच्या बोअरला पाणी आणि भिंतीपलीकडच्या घरी धूळ, हा प्रकार सर्रास. लोक त्याला नशीब म्हणतात. भाची म्हणाली, "नशीब आहेच, पण भेग कुठून कुठे जाते तेही आहे."

त्या दिवशी नळाचा वार होता. नळाचा वार म्हणजे काय, हे ज्या घरात पाणी रोज येते त्यांना समजणार नाही. पहाटेपासून पिंप, टाक्या, हंडे, जुन्या रंगाचे डबे सगळे रांगेत. आपा, तिची सून आणि शेजारच्या चार बायका एका लयीत कामाला लागल्या. भाचीने गल्लीतल्या तीस घरांची पाहणी केली होती. तिच्या वहीत प्रत्येक घरासाठी एक पान, आणि त्यावर एक तक्ता: प्यायला कोणते पाणी, डाळीला कोणते, वुजूला कोणते, धुण्याला कोणते. 'डाळीचे पाणी' असा वेगळा रकाना कोणत्याही पुस्तकात नसेल. पण इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते की कोणत्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही. पाणी जड असते, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, साबणाचा फेस होत नाही आणि डाळ दगडासारखी राहते. भाचीने आधी बायकांना विचारून जड पाण्याचे बोअर वहीत लिहिले, मग नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासले. दोन घरे सोडली तर बायकांचा अंदाज आणि प्रयोगशाळेचा आकडा जुळला. तिच्या शिक्षकांनी या पानाखाली लाल शाईने 'उत्तम' लिहिले आहे. आमच्या मते ते 'उत्तम' अर्धे गल्लीतल्या बायकांचे आहे.

मशिदीतले पाणी मोजायचे काम तिने भावाला दिले होते. नळ चालू ठेवून वुजू केला तर खाली ठेवलेली बादली जवळपास अर्धी भरते, आणि तांब्याने केला तर दीड तांब्यात होतो, असे त्याने मोजून आणले. वाहत्या नदीच्या काठीसुद्धा वुजूचे पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती बादलीने मोजलेली आम्ही पहिल्यांदाच पाहिली.

खरी गोष्ट रात्री कळली. जेवणे झाल्यावर भाची आमच्याजवळ येऊन बसली आणि वहीतले एक पान हळूच पुढे केले. बकरी ईदच्या सुट्टीत तिने नमुन्यांची पहिली फेरी घेतली होती. त्यात स्वतःच्या घरचे बोअरही होते. निकालात नायट्रेट मर्यादेच्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तीत सवलत नाही. इतर काही घटकांना 'दुसरे पाणी नसेल तर इतके चालेल' अशी वरची हद्द दिलेली असते, नायट्रेटला ती नाही.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. शेतातल्या युरियातून, उकिरड्यातून, संडासच्या शोषखड्ड्यातून ते झिरपते आणि खडकाच्या भेगेतून बोअरला जाऊन मिळते. मोठ्या माणसाला सहसा जाणवत नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात त्याचे नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला बिघडवते, रक्त प्राणवायू नेईनासे होते आणि बाळ निळे पडते. आणि या घरात तीन महिन्यांचे बाळ होते. सुनेला दूध कमी, म्हणून वरची पावडर चालू. नळाचे पाणी संपले की बोअरचे पाणी, तेही आपा वीस-वीस मिनिटे उकळून घ्यायची. आपा या बाबतीत अतिशय दक्ष. पण उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. तुरटीने जात नाही, साध्या कॅण्डलच्या फिल्टरने जात नाही, क्लोरीनच्या थेंबांनी जात नाही.

"अब्बूंना कसे सांगू?" ती म्हणाली. "ते म्हणतील, पूना जाके घरकाच पानी खराब निकाली."

सांगावे तर लागणारच होते, आणि सकाळपर्यंत थांबायचेही नव्हते. आम्ही आपाला हाक मारली. भाचीने आईला आणि भावजयीला शांतपणे समजावले, न घाबरवता. बाळ व्यवस्थित होते, अल्हम्दुलिल्लाह, रंगही छान होता. त्याच रात्री बाळाच्या दुधासाठी नळाच्या पाण्याचा एक हंडा वेगळा झाकून ठेवला गेला, आणि दुसऱ्या दिवशी बाळाला डॉक्टरांकडे दाखवून आणले. दुल्हेभाई दारात उभे राहून सगळे ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "अपना शोषखड्डा बोअरसे कित्ता दूर है?" उत्तर त्यांनाच माहीत होते. दोन्ही त्यांनीच खणून घेतले होते.

तिसऱ्या दिवशी ते न सांगता मित्राची जीप घेऊन आले आणि म्हणाले, चला, उजनी बघू. टेंभुर्णीवरून भीमानगरला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. माढा तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधला. एके काळचा ज्वारीचा आणि माळाचा मुलूख. उजनीचा कालवा आला, सीना-माढा उपसा योजना आली, तसा ऊस आला आणि कारखाने आले. त्या पैशाने घरे उभी राहिली, मुले शिकली, हे नाकारून चालणार नाही. पण ज्वारीच्या जागी बारा महिने पाणी पिणारे पीक उभे आहे, हेही डोळ्यांना दिसते. माळ तर नावापुरताच उरला. १९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्यात माढा तालुक्याचाही भाग होता. आता नान्नजच्या बाजूला एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते.

धरण भरलेले होते. समुद्रच म्हणावा असे पाणी. दुल्हेभाई कठड्याला टेकून कितीतरी वेळ बघत राहिले. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाबद्दल उन्हाळ्यात रोज पेपरात येते, 'उजनी उणे अमुक टक्के'. आमच्या वर्गातली मुले विचारतात, पाणी शून्याच्या खाली कसे जाईल? भाचीने तिथे उभे राहून वडिलांना सांगितले ते आम्ही पुढे वर्गात तसेच सांगितले. ११७ पैकी सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांच्या खालचा. टक्के मोजतात ते वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीचे. ते संपले की शून्य, आणि मृतसाठ्याला हात घातला की उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे ६० च्या जवळ गेला होता.

मग ती म्हणाली, "अब्बू, माझ्या हॉस्टेलच्या मोरीतले पाणी इथेच येते." ते चमकलेच. पण खरे आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येते आणि भीमा इथे अडवलेली. सगळे शुद्ध होऊन येते असे नाही. उन्हाळ्यात पाणी हिरवे पडते, भिगवणच्या बाजूला जलपर्णी माजते. त्याच पाणफुगवट्यावर थंडीत रोहित पक्षी उतरतात आणि लोक पुण्याहून त्यांचे फोटो काढायला येतात. हेच पाणी पुढे सोलापूर शहर पिते, म्हणजे आम्ही पितो. ज्या शहरात मुलीला पाठवायचे की नाही यावर घरात वाद चालला होता, त्या शहराचे पाणी कधीचेच आमच्या घरापर्यंत येऊन पोचले होते.

परतताना दुल्हेभाईंनी नोकरीचा विषय पुन्हा काढला, पण या वेळी माहिती हवी म्हणून. आम्ही जे खरे तेच सांगितले. नुसत्या बीएस्सीवर पगार बेताचाच मिळतो, पुढे एमएस्सी करावे लागते. साखर कारखान्यांच्या आणि कंपन्यांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत, प्रकल्पांचे पर्यावरणीय परिणाम तपासणाऱ्या सल्लागारांकडे कामे असतात. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, तिथल्या जागा निघतात तेव्हा निघतात. आणि एक गोष्ट आपल्या मुलामुलींनी प्रवेशाआधीच पाहावी. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला बसायचे तर पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र अशा ठरलेल्या विषयांपैकी एक तरी असावा लागतो. त्या यादीत पर्यावरणशास्त्राचे नाव नाही. म्हणून सोबतचा विषय विचार करून घ्यावा. भाचीने रसायनशास्त्र घेतले आहे. पुण्यात मुलगी ठेवायची म्हटले की आपल्याकडे आझम कॅम्पसच्या पलीकडे नाव माहीत नसते. पण बाहेरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुलीही आता बऱ्याच आहेत.

संध्याकाळी आम्ही दुकानावर गेलो. तिथे दुल्हेभाईंच्या मागच्या फळीवर जुन्या डायऱ्यांची चळत होती. प्रत्येक मोटारीची नोंद: गिऱ्हाईक, गल्ली, किती एचपी आणि मोटार किती फुटांवर सोडली होती. वीस वर्षांच्या डायऱ्या, अर्ध्या उर्दूत, अर्ध्या मराठीत, तेलाच्या बोटांचे ठसे पानापानांवर. भाची लहानपणापासून त्या पाहत होती, पण त्यांत काय आहे हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा वाचले. एकाच गल्लीत आधी दीडशे-दोनशे फुटांवर असणाऱ्या मोटारी अलीकडच्या डायऱ्यांत चारशेच्या खाली गेलेल्या. ती जमिनीवर बसली ती दिवे लागले तरी उठली नाही.

"ये तेरे कामका है क्या?" दुल्हेभाई म्हणाले.

"अब्बू, हे कोणाकडेच नसेल," ती म्हणाली. लगेच तिने एक अडचणही काढली, आणि तिथे आम्हाला तिचे शिक्षण दिसले. "पण तुमच्याकडे फक्त जळलेल्या मोटारी येतात. ज्यांची जळाली नाही त्यांची खोली आपल्याला माहीत नाही. म्हणून सगळ्या गावाचे पाणी इतके खाली गेले असे मला लिहिता येणार नाही." दुल्हेभाईंनी यावर बराच विचार केला आणि म्हणाले, बोअर पाडणाऱ्या गाडीवाल्याकडेही वही असते, तो आपल्या ओळखीचा आहे, मी मागतो.

रात्री बार्शीला फोन झाला. दुल्हेभाई अंगणात फिरत बोलत होते, आम्हाला तुटक तुटक ऐकू आले. नाही म्हणाले नाहीत, पण डिसेंबरही म्हणाले नाहीत. परीक्षा उन्हाळ्यात संपते, त्यानंतर बसून बोलू, आपको जल्दी हो तो हमारी तरफसे मजबुरी नहीं, असे काहीसे. आपाच्या डोळ्यांत पाणी होते. ते स्थळ हातचे जाईल या काळजीचे होते की दुसऱ्या कशाचे, आम्ही विचारले नाही. बार्शीकडून अजून उत्तर आलेले नाही.

चौथ्या दिवशी भाचीला नमुन्यांची दुसरी फेरी घ्यायची होती. पावसानंतर नायट्रेट वाढते की पाण्यात विरळ होते, हे तिला पाहायचे होते. नमुना घेतला की तो थंड ठेवून दोन दिवसांच्या आत तपासावा लागतो, आणि पुणे इथून १८५ किलोमीटर. गेल्या वेळी शेजारच्या दोन घरांनी बाटली भरू दिली नव्हती. आमच्या बोअरला नाव ठेवाल, म्हणाले होते. या वेळी दुल्हेभाई स्वतः पुढे झाले. ज्या घरांच्या मोटारी त्यांनी भरल्या होत्या, तिथे त्यांना कोण अडवणार? प्रत्येक दारात ते सांगत होते की आधी पाच मिनिटे मोटार चालू द्या, पाइपातले जुने पाणी जाऊ द्या, मग बाटली धरा. हे त्यांना भाचीने आदल्या रात्री शिकवले होते, पण आता ते असे सांगत होते की जणू वर्कशॉपात वालिदांकडूनच शिकून आले आहेत.

अकरा बाटल्या भरल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवून झाल्यावर बर्फाचा प्रश्न आला. दुल्हेभाई सायकल काढून बाजारात गेले आणि मासेवाल्याकडून गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी घेऊन आले. भाची म्हणाली, इतका कशाला? ते म्हणाले, गाडी दौंडला थांबली तर? आणि खोक्यात बर्फ फोडून भरायला बसले.